आधी खुर्चीत कोण बसलंय ते बघा

आमच्या घरात मोठा कॉम्प्युटर एकच आणि त्यावर खाती चार: माझं, यांचं, लेकीचं आणि सासूबाईंचं. मी मिरजेत घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे. दिवसभर ते माझ्या ताब्यात, संध्याकाळी लेकीच्या, आणि रविवारी सकाळी सासूबाईंच्या, कीर्तनासाठी.

मागच्या श्रावणातल्या एका रविवारी कीर्तनकार हातवारे करत होते, टाळकरी डोलत होते, पण आवाज नव्हता. स्पीकरचा दिवा चालू, वायर घट्ट. कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावर क्लिक केलं तर तिथे स्पीकरचं नावच नाही, नुसतं 'डमी आउटपुट'. माझ्या खात्यात जाऊन पाहिलं, तिथेही तेच. मशीन रीस्टार्ट केलं आणि सगळं सुरळीत. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रकार. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मशीनलाही रविवारची सुट्टी लागते वाटतं."

कारण सापडलं ते माझ्याच अंगाशी आलं, ते पुढे सांगते. पण त्या शोधात कुठल्या खात्याला कुठली वस्तू वापरायची परवानगी कशी मिळते याबद्दल जे समजलं ते मी रत्नागिरीच्या धाकट्या भावाला फोनवर इतक्यांदा सांगितलंय की आता एकदा लिहूनच काढते. फोनवर सांगते तशाच कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. दोन शब्दांमध्ये स्पेस, 'डॅश' म्हणजे छोटी आडवी रेघ, आणि डॅशनंतरचं अक्षर त्याला चिकटून. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगेन. सगळं मिंट आणि उबुंटूला धरून आहे. फेडोरा किंवा आर्च या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांवर काही नावं वेगळी असतात.

भानगड परवानगीचीच आहे का?

स्कॅनर दिसत नाही, कॅमेरा उघडत नाही, की लोक लगेच परवानग्या बदलत सुटतात. मीही तेच करायचे. आता आधी एक चाचणी घेते. स्कॅनर असेल तर टर्मिनलमध्ये 'स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल'. स्कॅनरचं नाव आलं तर परवानगी ठीक आहे, दोष स्कॅन करायच्या प्रोग्राममध्ये शोधायचा. नाव आलं नाही तर तीच कमांड सुरुवातीला 'सुडो' लावून, म्हणजे 'रूट'च्या अधिकाराने. सुडो लावल्यावर दिसतोय आणि एरवी दिसत नाही, तर शंभर टक्के परवानगीची भानगड. सुडो लावूनही दिसत नाही, तर परवानगीला हातसुद्धा लावू नका. 'रूट' म्हणजे मशीनचा मालक; मालकालाच वस्तू दिसत नसेल तर कुलपाचा काय दोष?

मग 'एलएसयूएसबी' करा. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. यादीत वस्तू नसेल तर वायर, पोर्ट, हब यांच्याकडे वळा. आमच्याकडे मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली एक वायर होती, तिच्यातून फक्त वीज जाते, डेटाच्या तारा आत नाहीतच. त्या वायरीपायी माझी एक अख्खी दुपार गेलीय. लॅपटॉपचा कॅमेरा असेल तर झाकणाची बारीक सरकपट्टी आधी बघा. हसू नका, भावाचा कॅमेरा तसाच 'बिघडला' होता.

'सुडो डीमेसेज' ही तिसरी कमांड. लिहायची डी-एम-ई-एस-जी. शेवटी 'डॅश डब्ल्यू' लावलंत तर ती चालू राहते. वस्तू काढून पुन्हा जोडा आणि काय ओळी उमटतात ते वाचा. वस्तू जोडल्यावर एकही नवी ओळ आली नाही तर मशीनला ती जोडल्याचं कळलेलंच नाही.

सुडोची ही चाचणी आवाजासाठी मात्र करू नका. आवाजाचा कारभार ज्याच्या त्याच्या खात्यात वेगळा चालतो, त्यामुळे रूट म्हणून वाजवून पाहिलं तर भलतंच उत्तर मिळतं. आणि खिडक्यांचे प्रोग्राम सुडो लावून कधीच उघडू नका. का ते लॉगिनच्या भागात येईलच.

त्या एका ओळीत सगळं लिहिलेलं असतं

लिनक्समध्ये जवळपास प्रत्येक वस्तूची एक फाइल असते, स्लॅश डेव्ह नावाच्या फोल्डरमध्ये. (डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही. भावाने पहिल्यांदा डी-ई-ओ असं लिहिलं होतं. मी 'देव' म्हणाले असं त्याला ऐकू आलं.) कॅमेऱ्याची फाइल बहुतेक वेळा 'व्हिडिओ०'. तिच्यासाठी: 'एलएस डॅश एल', मग 'स्लॅश डेव्ह स्लॅश व्हिडिओ०'.

उत्तरादाखल एकच ओळ येते. तिची सुरुवात डोळे बारीक करून वाचा. पहिलं अक्षर 'सी', म्हणजे ही साधी फाइल नाही, उपकरण आहे. मग तीन-तीन खुणांचे तीन गट. पहिला आर, डब्ल्यू, रेघ: हा मालकाचा. दुसराही आर, डब्ल्यू, रेघ: हा गटाचा. तिसऱ्यात तीन रेघा: बाकीच्या जगासाठी काही नाही. आर म्हणजे वाचायची मुभा, डब्ल्यू म्हणजे लिहायची. त्याच ओळीत पुढे दोन नावं असतात: 'रूट', म्हणजे मालक, आणि 'व्हिडिओ', म्हणजे गट.

आता गंमत बघा. मी मालक नाही. 'व्हिडिओ' गटातही मी नाही; नुसतं 'आयडी' टाइप केलं की माझे गट दिसतात, त्यात तो नाही. तरी माझा कॅमेरा चालतो. कसा? तर त्या खुणांच्या अगदी शेवटी, तीन रेघांना चिकटून, अधिकचं एक चिन्ह असतं. पहिली चारेक वर्षं ते माझ्या नजरेलाच पडलं नव्हतं. त्याचा अर्थ, या फाइलीला आणखी एक चिठ्ठी जोडलेली आहे. चिठ्ठी वाचायला 'गेटएफएसीएल' आणि पुढे फाइलीचं नाव. कमांड सापडत नाही असं आलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल एसीएल'. चिठ्ठीत एका ओळीवर स्पष्ट लिहिलेलं असतं: यूजर, माझ्या खात्याचं नाव, आर डब्ल्यू.

ही चिठ्ठी मी लावलेली नाही. मी लॉगिन केलं तेव्हा मशीननेच लावली, आणि मी उठले की तेच ती काढून घेतं.

सीट

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी रीत. कंडक्टर चांगला असला तर रुमालाला विचारत नाही, बसलेल्या माणसालाच तिकीट देतो. लिनक्सवरचा हा कंडक्टर म्हणजे 'सिस्टिमडी-लॉगिनडी'. गंमत म्हणजे त्यांच्या भाषेतही शब्द 'सीट'च आहे. स्क्रीन, कीबोर्ड, माउस, स्पीकर, कॅमेरा मिळून एक सीट, तिचं नाव 'सीट०'. घरच्या कॉम्प्युटरला साधारण ही एकच सीट असते. त्या सीटवर ज्याचं सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा त्याचा कारभार) या क्षणी समोर आहे, त्याच्या नावाची चिठ्ठी उपकरणांना लागते.

'स्विच यूजर' करून दुसरं खातं उघडलं की पहिलं सेशन मरत नाही, पडद्यामागे जागंच राहतं. फक्त त्याची चिठ्ठी निघते आणि नव्याची लागते. हे पाहायला 'लॉगिनसीटीएल'. कोणकोणाची सेशन उघडी आहेत ती यादी येते, प्रत्येकाला एक क्रमांक. मग 'लॉगिनसीटीएल शो-सेशन' आणि तो क्रमांक. येणाऱ्या लांबलचक यादीत 'अॅक्टिव्ह' ही ओळ शोधायची. पुढे 'यस' असेल तर तो खुर्चीत बसलाय. 'नो' असेल तर त्याचा नुसता रुमाल पडलाय.

कीर्तनाच्या दिवशी सासूबाईंचं सेशन अॅक्टिव्ह यसच होतं. चिठ्ठीही त्यांच्याच नावाची. म्हणजे हक्क त्यांचा, तरी स्पीकर मिळत नव्हता. तेव्हा 'सुडो एफयूजर डॅश व्ही स्लॅश डेव्ह स्लॅश एसएनडी स्लॅश' आणि शेवटी चांदणी, असं चालवलं. आवाजाच्या उपकरणांवर आत्ता कोण हात ठेवून बसलंय ते यातून कळतं. तिथे नाव लेकीचं.

ती शनिवारी रात्री अभ्यासाला पावसाचा आवाज लावते. झोपताना टॅब बंद करत नाही, त्या टॅबमधला आवाज शून्यावर नेते आणि उठते. रात्री मशीन बंद न करायची सवय माझी. सकाळी सासूबाई 'स्विच यूजर' करून बसल्या की त्या टॅबमधला मुका पाऊस स्पीकर धरून बसलेलाच. पण चिठ्ठी काढून घेतल्यावरही तिच्या सेशनला स्पीकर धरता आलाच कसा? कारण लेकीचं खातं 'ऑडिओ' गटात होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा हेडफोन चालेना तेव्हा कुठेतरी 'स्वतःला ऑडिओ गटात घाला' असा सल्ला वाचून मीच तिला घातलं होतं. हेडफोन त्याने सुरू झालाच नव्हता, त्याची पिन खराब होती. गट मात्र तसाच राहिला.

गट म्हणजे पास. पासवाल्याला कंडक्टर उठवू शकत नाही, तो खुर्चीत असो वा नसो. एकाच माणसाच्या मशीनवर याने बिघडत नाही, पण घरात दोन-चार खाती असतील तर ऑडिओ आणि व्हिडिओ गटांत कुणालाच ठेवू नका. काढायला: 'सुडो डेलयूजर', खात्याचं नाव, 'ऑडिओ'. मग त्या खात्यातून पूर्ण लॉगआउट. त्यानंतर आमच्याकडे एकही कीर्तन मुकं गेलेलं नाही.

कुणाचं सेशन पडद्यामागे अडून बसलं असेल तर 'सुडो लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन' आणि क्रमांक. पण आधी त्या माणसाला विचारा. यांचं सेशन मी असंच एकदा उडवलं आणि सोसायटीच्या हिशेबाची न जतवलेली शीट त्यात गेली. चहासुद्धा दोन दिवस त्यांनी स्वतःचा स्वतः केला.

पास कुठे खरंच लागतो

काही वस्तूंना मात्र मशीन चिठ्ठी लावत नाही, तिथे पासच हवा. त्यातली घरात हमखास भेटणारी म्हणजे सीरियल पोर्ट. लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी तुळशीच्या कुंडीतली ओल मोजणारा आर्डुइनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड) केला. बोर्ड जोडला की 'टीटीवाययूएसबी०' नावाची फाइल येते (अस्सल उनो बोर्डाला 'टीटीवायएसीएम०'), आणि प्रोग्राम चढवताना 'पर्मिशन डिनाइड'. एलएस करून पाहिलं तर गटाचं नाव 'डायलआउट', आणि अधिकचं चिन्ह नाही. मोडेमवरून फोन फिरवून इंटरनेट लावायचे त्या जमान्यातलं हे नाव आहे. ज्यांनी तो किर्रर्र आवाज ऐकलाय त्यांना लगेच कळेल.

इथे गटात जायचं: 'सुडो अॅडयूजर', खात्याचं नाव, 'डायलआउट'. आर्चवर याच गटाला 'यूयूसीपी' म्हणतात.

बऱ्याच ठिकाणी यासाठी 'यूजरमॉड डॅश ए कॅपिटल जी' अशी कमांड दिलेली असते. ती चूक नाही, पण फोनवर सांगू नये. त्यातला 'ए' म्हणजे 'आधीच्यांत भर घाल'. तो 'ए' गळला तर मशीन तुम्हाला बाकीच्या सगळ्या जादा गटांतून काढून फक्त त्या एकात ठेवतं. त्यात 'सुडो' गटही जातो. भावाचा 'ए' गळला. पुन्हा लॉगिन करून तो काहीतरी करायला गेला तर मशीन म्हणालं, तुमचं नाव सुडोर्स फाइलमध्ये नाही, या घटनेची नोंद कळवली जाईल. त्याचा लगेच फोन: "ताई, हे कुणाला कळवणार गं?"

कुणालाही नाही. तो निरोप मशीनच्याच नोंदवहीत जातो. पण अधिकार गेले ते गेलेच, आणि त्याच्या मशीनवर अधिकारवालं खातं ते एकच. सुटका अशी: मशीन चालू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं, नव्या मशीनवर एस्केप एक-दोनदा. ग्रबची (मशीन सुरू होतानाची) यादी आली की 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ, पुढच्या यादीत 'रूट'. काळ्या पडद्यावर आधी 'माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू स्लॅश' (रीमाउंट, स्वल्पविराम, आरडब्ल्यू हे सगळं सलग), म्हणजे डिस्कवर लिहिता येतं. मग 'अॅडयूजर', नाव, 'सुडो'. रीस्टार्ट. आमचं हे काम फोनवर पाऊण तासात झालं, त्यातला अर्धा तास ग्रबची यादी पकडण्यात गेला.

गटात घातल्यावर लगेच फरक पडत नाही. गट लॉगिनच्या वेळी ठरतात. तपासायची युक्ती: 'आयडी' आणि पुढे स्वतःचं नाव, हे कागदोपत्री तुम्ही कुठल्या गटांत आहात ते सांगतं. नुसतं 'आयडी', या क्षणी चालू सेशनला काय मिळालंय ते सांगतं. पहिल्यात डायलआउट आहे आणि दुसऱ्यात नाही, तर लॉगआउट करून परत या. लॉगआउट करूनही तेच दिसलं तर तुमच्या नावाचं आणखी एखादं सेशन कुठेतरी उघडं असेल, दुसऱ्या पडद्यावर किंवा रिमोट जोडणीवर. ते असेपर्यंत तुमच्या नावाचे काही प्रोग्राम मागे जुन्याच गटांनिशी जिवंत राहतात आणि नवं टर्मिनल त्यांच्यातूनच उगवतं. अशा वेळी डोकं न चालवता रीस्टार्ट.

आर्डुइनोचा आणखी एक चकवा. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते. उबुंटू २२.०४ आणि त्यावर बेतलेल्या मिंट २१ वर ती जोडली की फाइल क्षणभर दिसते आणि गायब होते. सुडो डीमेसेजमध्ये पाहिलं तर 'बीआरएलटीटीवाय' हे नाव येतं. अंधांसाठीच्या ब्रेल फलकाशी बोलणारा तो प्रोग्राम. या चिपचा यूएसबी क्रमांक आणि काही ब्रेल फलकांचा क्रमांक एकच, म्हणून तो बोर्डाला फलक समजून ताब्यात घेतो. यात परवानगीचा काही संबंध नाही, म्हणून गट कितीही बदला, उपयोग शून्य. घरात कुणी ब्रेल फलक वापरत नसेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करून मोकळं व्हा. कुणी वापरत असेल तर मुळीच काढू नका, दुसऱ्या चिपचा बोर्ड आणा.

सातशे सत्त्याहत्तर

'सीएचमॉड ७७७' किंवा '६६६' लावा (म्हणजे फाइल सगळ्यांना मोकळी करा), सगळं चालेल, असं सांगणारा एक तरी शेजारी असतोच. चालतं, वायर काढेपर्यंत. स्लॅश डेव्हमधल्या फाइली डिस्कवर नसतातच. वस्तू जोडली की मशीन त्या नव्याने तयार करतं आणि काढली की पुसतं. तुमचा बदलही त्याबरोबर पुसला जातो. तात्पुरती खात्री करायला ६६६ ठीक आहे, इलाज म्हणून नाही.

कायमचा इलाज म्हणजे 'यूडेव्ह'चा, म्हणजे या फाइलींचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रामचा, नियम. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने दिलेला जुना फिल्म स्कॅनर आहे. तो सुडोने चालायचा, एरवी नाही. एलएसयूएसबीमध्ये त्याच्या ओळीत 'आयडी'पुढे अपूर्णविरामाने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात, पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. मग 'सुडो नॅनो' (नॅनो म्हणजे टर्मिनलमध्येच फाइल लिहायचा प्रोग्राम) करून स्लॅश ईटीसी स्लॅश यूडेव्ह स्लॅश रूल्स डॉट डी या फोल्डरात '७०-स्कॅनर डॉट रूल्स' अशी फाइल केली. आकडा ७३ पेक्षा लहानच हवा, कारण चिठ्ठी लावायचं काम ७३ क्रमांकाच्या नियमात होतं. मी पहिल्यांदा ९९ ठेवला होता. नियम बरोबर, फाइल बरोबर, आणि परिणाम काही नाही. गाडी सुटल्यावर फलाटावर पोचल्यासारखं झालं ते.

आत ओळ एकच. फोनवर सांगते तशी सांगते. कॅपिटलमध्ये सबसिस्टिम, दोनदा बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरणात यूएसबी. स्वल्पविराम. कॅपिटलमध्ये एटीटीआर, लगेच महिरपी कंसात आयडीव्हेंडर (त्यातला व्ही तेवढा कॅपिटल), दोनदा बरोबर, अवतरणात पहिला क्रमांक. स्वल्पविराम. पुन्हा तसंच, कंसात आयडीप्रॉडक्ट (पी कॅपिटल) आणि दुसरा क्रमांक. स्वल्पविराम. शेवटी कॅपिटलमध्ये टॅग, अधिक, एकदा बरोबर, अवतरणात यूअॅक्सेस, लहान लिपीत, यू-ए-सी-सी-ई-एस-एस. दोनदा बरोबर म्हणजे 'असं असेल तर', आणि अधिक-बरोबर म्हणजे 'हे जोड'. जतवा, 'सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल डॅश डॅश रीलोड' करा, वायर काढून जोडा. एलएसच्या ओळीत अधिकचं चिन्ह आलं की समजा जमलं.

लॉगिन होतंय आणि लगेच बाहेर फेकतंय

पासवर्ड बरोबर. पडदा क्षणभर काळा, आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा. पासवर्ड खरोखर चुकला तर तसं स्पष्ट लिहून येतं, त्यामुळे हे दोन प्रकार आधी वेगळे करा.

चुकला असंच लिहून येत असेल आणि तुम्ही मराठीत टाइप करणारे असाल तर कोपऱ्यातली कीबोर्डची खूण बघा. इनस्क्रिप्ट चालू ठेवून मशीन लॉक झालं की पासवर्डही देवनागरीत उमटतो, आणि ठिपक्यांत ते दिसत नाही. माझं महिन्यातून एकदा तरी होतं.

बाहेर फेकत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड लिहिताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तरी लिहायचा. इथून तुम्ही खिडक्यांशिवाय आत आलात.

पहिलं 'डीएफ डॅश एच'. डिस्क १०० टक्के भरलेली असेल तर खिडक्यांना स्वतःच्या बारीकसारीक फाइली लिहायला जागा नसते आणि सेशन जन्मतःच मरतं. 'सुडो एपीटी क्लीन' करून थोडी जागा होते. मोठा माल बहुतेक कचराटोपलीत असतो. माझ्या टोपलीत एकदा एका स्मरणिकेच्या छपाईच्या ३० जीबी फाइली निघाल्या.

दुसरं, 'फाइंड', मग तिरपी लाटेसारखी खूण (टिल्डे, म्हणजे तुमचं घर, तुमच्या खात्याचं फोल्डर), मग 'डॅश यूजर रूट'. तुमच्या घरात रूटच्या मालकीच्या फाइली किती, ते दिसतं. तिथे त्या नसायला हव्यात. भावाच्या मशीनवर मिंट १९ होतं. पडदा काळा आला म्हणून त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून 'सुडो स्टार्टएक्स' केलं. खिडक्या उघडल्या, तो खूश. दुसऱ्या दिवसापासून लॉगिन बंद. झालं असं की 'डॉट एक्सऑथॉरिटी' नावाची छोटी लपलेली फाइल रूटच्या नावावर झाली. पडद्यावर चित्र काढायची किल्ली त्या फाइलीत असते, आणि आपलीच किल्ली आपल्याला उचलता येईना. इलाज म्हणजे मालक बदलायचा: 'सुडो सीएचओन', खात्याचं नाव, अपूर्णविराम, पुन्हा खात्याचं नाव, स्पेस, फाइलीचं नाव (फक्त एक्स कॅपिटल). यादीत 'डॉट कॅश' किंवा 'डॉट कॉन्फिग'च्या आतल्या फाइली निघाल्या तर त्यांनाही तेच. खिडक्यांचे प्रोग्राम सुडोने उघडले की अशीच घाण मागे राहते. एखादी सिस्टिमची फाइल बदलायची असेल तर सुडो नॅनो पुरे.

तरीही नाही जमलं तर घरातली 'डॉट एक्ससेशन-एरर्स' ही फाइल वाचा, शेवटच्या वीस ओळी. किंवा नवं खातं उघडून त्यात लॉगिन करून बघा. तिथे जमलं तर दोष तुमच्या घरात, मशीनमध्ये नाही.

सेशनचा प्रकारही कधी आडवा येतो. पडद्यावर खिडक्या काढायच्या पद्धती दोन, जुनी 'एक्स' आणि नवी 'वेलँड'. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपला पडदा समोरच्याला काळाच दिसतो, किंवा जुना एखादा प्रोग्राम पडद्याचं चित्र काढत नाही, तेव्हा 'एको', डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून सगळं कॅपिटलमध्ये एक्सडीजी_सेशन_टाइप. 'वेलँड' आलं तर लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावरच्या चाकाच्या किंवा नावाशेजारच्या खुणेतून एक्सचं सेशन निवडून बघा. वेलँडमध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याची खिडकी चोरून बघू नये अशीच रचना आहे, जुन्यांना ती मानवत नाही. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमधून २५.१० पासून हा जुना पर्याय गेलाय. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये उलट आहे: मूळ सेशन एक्सचंच, आणि वेलँड २१.३ पासून प्रायोगिक म्हणून यादीत.

बाहेरून आलेल्या डिस्क

पेनड्राइव्हवर सीएचमॉड, सीएचओन चालत नाही म्हणून डोकं फोडू नका. त्यावर बहुतेक वेळा फॅट नावाची फाइलींची मांडणी असते आणि फॅटला मालक हा प्रकारच माहीत नाही. दुसऱ्या लिनक्सवरून आलेल्या डिस्कवर मात्र मालक असतो, पण नावाने नाही, आकड्याने. पहिल्या खात्याचा आकडा साधारण १०००. म्हणून भावाच्या डिस्कवरच्या फाइली माझ्या मशीनवर माझ्याच दिसतात आणि लेकीला, जिचा आकडा १००२, त्या लिहिता येत नाहीत.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते फोटोग्राफर, विंडोजवरच्या डिस्क घेऊन. वाचता येतं, लिहिता येत नाही, किंवा उघडतच नाही. तिथे मी कुठलीही कमांड चालवत नाही. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शट डाउन केल्यावरही ते अर्धवट झोपलेलंच असतं, आणि डिस्क वापरात असल्याची नोंद तिच्यावर तशीच राहते. जबरदस्तीने लिहिलं तर लग्नाचे फोटो जायचे. त्यांना सांगते, परत जा, विंडोज चालू करा, शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, आणि मगच डिस्क काढून आणा.